मनोहरचं बिऱ्हाड

मनोहर तायडेला उचलायचं असेल तर आधी त्याला विचारावं लागे, आणि मग तो सांगेल तसंच उचलावं लागे. "काखेत हात नको घालू. पाठीमांगून घे. दुसरा गुडघ्याखालून. आता मी म्हणतो तवा." एवढं सांगून तो एक मोठा श्वास घ्यायचा, आणि मग म्हणायचा, "हं." त्या 'हं'च्या आधी कोणी घाई केली, तर तो अंग सैल सोडून द्यायचा. सैल सोडलेलं माणूस किती जड होतं हे ज्यानं उचललंय त्यालाच ठाऊक. उचलणारा आपोआप थांबायचा.

एकदा भर बाजारात एका कापडाच्या व्यापाऱ्यानं त्याची तीनचाकी गाडी चढावर पाहिली आणि मागून ढकलायला सुरुवात केली. मनोहरनं ब्रेक दाबला. व्यापारी गाडीवर आदळता आदळता राहिला. मनोहर मान वळवून शांतपणे म्हणाला, "शेटजी, तुमाले कोणी मांगून असं ढकललं तं कसं वाटन? मी काई रुईची गाठ नाई. इचारलं असतं तं मीच म्हणलो असतो, ढकला म्हणून. चढ लय हाये इथं." व्यापारी ओशाळून उभाच राहिला. मग मनोहर म्हणाला, "आता ढकला."

मी त्याला ओळखत होतो ते तो दोन पायांवर चालत होता तेव्हापासून. अमरावतीच्या एका सरकारी ऑफिसात आम्ही एकाच सुमाराला कारकून म्हणून लागलो. माझ्या घरी फुलांचा आणि भाजीचा मळा. ऑफिसला येताना माझ्या धोतराला कधी कधी शेवंतीचा वास यायचा, त्यावर तो हसायचा. तो मोर्शीकडच्या एका खेड्यातला. बाप संत्र्यांच्या बागांत मजुरीला जायचा, मनोहर दहावीत असताना वारला. आईनं आणि थोरल्या भावानं, किसननं, त्याला मॅट्रिक केलं. छप्पन साली घरच्यांनी धम्म घेतला, तेव्हा तो चार दिवस रजेवर होता. परत आल्यावर त्यानं टेबलाच्या खणात ठेवलेला लहानसा देव मला परत दिला. तो मीच त्याला जत्रेतून आणून दिला होता. "राग नको मानू राऊत," म्हणाला, "पन आता ठेवता येत नाई." मी राग मानला नाही. बसायला आमची टेबलं शेजारी होती आणि डबा आम्ही एकत्र खायचो.

त्यानंतरच्या हंगामात तो सुटीला गावी गेला. संत्री भरलेल्या बंडीवर बसून मोर्शीला निघाला होता. नाल्याच्या उतारावर बैल बुजले आणि बंडी उलटली. बंडी हाकणाऱ्याला खरचटलंसुद्धा नाही. मनोहर मात्र कंबरेवर पडला. आधी अमरावतीच्या आणि मग नागपूरच्या दवाखान्यात बरेच महिने काढल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की कंबरेखालचं अंग आता परत येणार नाही. पायांत जीव नाही, आणि लघवी-शौचाची जाणीवही नाही. पाठ सारखी एका जागी टेकून राहिली तर जखमा होतात, म्हणून कुशीवर वळवत राहायचं. रबरी नळी उकळून कशी वापरायची ते तिथल्या नर्सनं त्याला आणि त्याच्या आईला शिकवलं. मग त्याला गावी नेलं.

मी त्याला भेटायला गेलो तो या गोष्टीला वर्ष उलटून गेल्यावर. एका खोलीत खाट, खाटेवर मनोहर. अंथरूण इतकं स्वच्छ की दवाखान्यात तसं कधी पाहिलं नव्हतं. आई, तिला सगळे मायच म्हणत, खाटेशी बसून त्याला भाकरीचा घास भरवत होती. मनोहरचे हात तर धडधाकट होते. मी चहाचा पेला त्याच्यापुढे धरला, तर मायनं तो माझ्या हातातून घेतला आणि त्याच्या ओठाला लावला. त्यानंही मुकाट्यानं घोट घेतला.

माय पाणी आणायला बाहेर गेली तेव्हा तो म्हणाला, "राऊत, मले अमरावतीत एक खोली पाहून दे. आन् एक माणूस पाहून दे, सकाय-संध्याकाय करणारा."

मला वाटलं, हा तापात बोलतोय. मी म्हणालो, "अन् दिवसभर?"

"दिवसभर मी ऑफिसात राहीन."

दारात माय उभी होती. घागर तशीच कंबरेवर. ती मला म्हणाली, "भाऊ, इतल्या दिवसांत याले काई कमी पडलं काय, ते इचारा. माय जिती असताना मजूर काहून ठेवून राह्यला हा?"

मनोहर आढ्याकडे पाहत राहिला. निघताना त्यानं माझा हात धरला आणि दाबला. त्याच्या हाताची ताकद मला आठवते.

खोली शोधणं हे काम मी सोपं समजलो होतो. घरमालक पहिला प्रश्न आडनावाचा विचारत. तायडे म्हटल्यावर काहींची खोली तेवढ्यात भाड्यानं गेलेली असे. जे त्या प्रश्नातून पार पडत, ते दुसरा विचारत, "त्याचं करणार कोण?" आणि एकानं तर सरळच विचारलं, "उद्या खोलीत मेला तर?" मी म्हणालो, तुम्हीही तुमच्या घरातच मरणार ना? झालं, ती खोलीही गेली. शिवाय मला खोली हवी होती ती पायरी नसलेली आणि संडास जवळ असलेली. पायरी नसलेलं घर अमरावतीत किती दुर्मिळ आहे हे त्या दिवसांत मला कळलं.

शेवटी खोली मिळाली ती करीमचाचांच्या आवारात. करीमचाचा पिंजारी. रस्त्याला लागून त्यांचं कापूस पिंजायचं दुकान, मागे मोकळं आवार आणि आवाराच्या कडेला कापूस ठेवायची एक बसकी खोली. गाड्या सरळ आत याव्यात म्हणून तिला उंबरासुद्धा नव्हता. मी सगळं सांगून टाकलं, आडनाव, पाय, नळी, सगळं. त्यांनी दाढीत अडकलेला कापूस काढला आणि विचारलं, "पाठीले जखमा होते म्हणता? कायच्यावर झोपते तो?"

"खाटेवर. गोधडी टाकून."

"गोधडीनं काय होते? मी गादी करून देतो. मगर एक बात हाये राऊतभाऊ. दुकानात दिवसभर धूळ उडते, ठणठण आवाज होते. बाद में शिकायत नको."

मनोहरला निरोप दिला तेव्हा त्याचं उत्तर आलं, की आवाज असलेला बरा, इथे फार शांत आहे.

ऑफिसचं काम त्यानं स्वतः केलं. मी त्याला मोटारीतून आणला, दोघांनी धरून साहेबांसमोर खुर्चीवर बसवला. साहेब भला माणूस होता, पण घाबरला होता. "तायडे, तुम्हाला पाहून वाईट वाटतं. पण नोकरी कशी करणार तुम्ही?"

मनोहर म्हणाला, "साहेब, कारकून बसूनच काम करते. मी बी बसूनच करीन."

साहेबांना हसू आलं, आणि ते हसले म्हणून बाकीचं सोपं झालं. सरकारी डॉक्टरचा दाखला आणायला सांगितलं, तो मिळाला. मनोहरचं टेबल वरच्या मजल्यावरून खाली आलं. माझंही मी मागून घेतलं. जायला-यायला टांगा ठरवला.

आता राहिला माणूस. दवाखान्यातून निवृत्त झालेला दौलत म्हणून एक वॉर्डबॉय होता, तो आम्ही ठेवला. काम त्याचं चोख होतं. पण तो मनोहरशी बोलायचाच नाही, मनोहरविषयी बोलायचा. आम्ही कोणी गेलो की मनोहरच्या देखत सांगायचा, "आज यानं लय तरास देल्ला. भात नाई खाल्ला यानं. मी बी मंग चांगला झापला." मनोहरला वाचायचं असलं तरी ठरल्या वेळी तो दिवा मालवायचा. एक दिवस मनोहर म्हणाला, आज अंघोळ संध्याकाळी करू. दौलतनं ऐकून न ऐकल्यासारखं करून पाण्याचा तांब्या त्याच्या डोक्यावर ओतला.

दुसऱ्या दिवशी दौलतला मनोहरनं त्याचा हिशोब देऊन रजा दिली. मी कळल्यावर धावत गेलो. "अरे, दुसरा माणूस मिळेपर्यंत तरी थांबायचं होतंस," म्हणालो.

"मदत पायजे राऊत, मालक नाई पायजे," तो म्हणाला. हे त्याचं वाक्य पुढे ऑफिसात म्हणीसारखं झालं. लोक ते साहेबाविषयी वापरत.

पण त्या वेळी ते महाग पडलं. सकाळी मी आणि संध्याकाळी करीमचाचा, असं आम्ही चालवलं. मला मळ्याचं काम असे, कधी उशीर होई. करीमचाचांची कंबर धरलेली. कुशीवर वळवायचं राहू लागलं. चाचांनी गादी झकास केली होती, पाठीखालचा भाग वेगळा, पिंजून फुलवलेल्या कापसाचा. पण गादी माणसाला वळवत नाही. त्याच्या माकडहाडापाशी लाल डाग दिसला, मग कातडी गेली, मग ताप आला. किसनला कोणीतरी कळवलं असावं. रविवारी सकाळी मी आवारात शिरलो तर खोलीच्या दारात माय आणि किसन.

मायनं त्याला वळवून जखम पाहिली. बराच वेळ पाहत राहिली. "म्या एक फोड येऊ देल्ला नाई," ती म्हणाली. "इतले दिवस माह्याजवळ होता, एक फोड नाई."

किसन म्हणाला, "चाल आता घरी. झाली तुही हौस."

मनोहरला ताप होता, ओठ सुकले होते. तो म्हणाला, "माय, तुह्याजवळ अंग चांगलं होतं, खरं हाये. पन मी दिवसभर करू काय? आढ्याकडं पाहत होतो. कोन्या वाश्याले किती गाठी हायेत ते आता बी सांगतो."

"आन् इथं काय करतं?"

"इथं मी नोकरी करतो. पगार घेतो. चाचासंगं भांडतो." मग म्हणाला, "जखम बरी नाई झाली तं येतो तुह्यासंगं. बरी झाली तं राहू दे."

मायनं किसनला परत पाठवलं आणि स्वतः राहिली. कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं जखम धुवायची, दवाखान्यातून आणलेलं मलम लावायची, आणि दिवसरात्र त्याला कुशीवर वळवायची. त्या दिवसांत तिच्या मनात काय चालत असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. जखम बरी झाली तर मुलगा जाणार आणि चिघळली तर आपल्या घरी येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं ती बरी केली.

त्याच दिवसांत सुखदेव मिळाला. जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलणारा हमाल. कपाशीचा हंगाम संपला की त्याला काम नसे, म्हणून त्याला बारमाही काहीतरी हवं होतं. मी मनोहरला म्हणालो, "तू नेहमी म्हणतोस मी रुईची गाठ नाही, आणि हा तर गाठीच उचलतो." तो म्हणाला, "पाहू तं खरं."

सुखदेव खाटेसमोर उकिडवा बसला. मनोहरनं त्याला चहा द्यायला लावला आणि मग विचारलं, "मी सांगन ते सगयं बरोबरच असन असं नाई. मी काई चुकीचं सांगतलं, तं काय करशीन?"

सुखदेवनं विचार केला. "इचारीन, असंच कराचं काय म्हणून."

"आन् मी हो म्हणलं तं?"

"मंग तसं करीन. अंग तुमचं हाये."

मनोहरनं माझ्याकडे पाहिलं. सुखदेव त्या दिवसापासून लागला. सकाळी जिनिंगला जायच्या आधी यायचा आणि संध्याकाळी परतताना. दोन वेळचं जेवण करीमचाचांच्या घरून येऊ लागलं. दुपारी ऑफिसात मी आणि आमचा शिपाई होतोच. असं एकेका माणसाकडून थोडं थोडं घेऊन त्यानं स्वतःचं करणं उभं केलं. कोणा एकावर सगळं टाकायचं नाही, हा त्याचा कटाक्ष होता. म्हणायचा, "एकाच खांबावर छप्पर टाकलं का खांब बी कुरकुर करते आन् छप्पर बी."

जखम भरली. कातडी नवी, गुलाबी आली. तरी माय जायचं नाव काढेना. सकाळी सुखदेवच्या आधी उठून ती मनोहरचं सगळं करून टाकायची, आणि सुखदेव येऊन नुसता बसून राहायचा. परत ती घास भरवू लागली होती. एक दिवस माझ्यासमोरच मनोहर म्हणाला, "माय, आता तू जाय."

ती भांडी आवरत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"किसनची लेकरं वाट पाहून राह्यली असतीन. तू पाव्हणी म्हणून ये. पाहिजे तितल्या खेपा ये. पन आता जाय."

तिनं भांडी आवरली, गाठोडं बांधलं. करीमचाचांच्या बायकोनं चहा आणला होता, तो घेतला नाही. मी मोटारीपर्यंत पोचवायला गेलो. वाटेत ती एवढंच म्हणाली, "तुमच्या मायले असं म्हणता काय भाऊ तुमी?" मी तिचं गाठोडं मोटारीत चढवलं. परत आलो तर मनोहर भिंतीकडे तोंड करून होता. त्यानं सुखदेवला सांगून स्वतःला तसं वळवून घेतलं होतं. त्या दिवशी तो ऑफिसला आला नाही. एवढ्या वर्षांत ताप नसताना घेतलेली त्याची ती एकच रजा.

माय पुढचे कितीतरी महिने आली नाही. किसन यायचा, संत्री ठेवायचा, तिचं विचारलं की "हाये बरी" म्हणायचा.

दरम्यान त्याची गाडी झाली. सायकल दुरुस्त करणाऱ्या एकानं आणि सुतारानं मिळून ती बनवली. हातानं फिरवायची, पुढे एक चाक, मागे दोन. पहिल्यांदा ती घेऊन तो एकटा रस्त्यावर गेला आणि बऱ्याच वेळानं परतला. चाचा काळजीत होते. विचारलं, कुठे गेला होतास? म्हणाला, "कुठी नाई. असाच." या 'असाच'चं त्याला फार अप्रूप होतं. दोन वर्षांत तो कुठे असाच गेला नव्हता, कोणीतरी कशासाठी तरी नेलं तरच गेला होता.

मग खोलीत एक बुटकं टेबल आलं, टेबलावर रॉकेलचा स्टोव्ह. तो चहा करायला शिकला. पहिले काही दिवस आम्ही जो चहा प्यालो त्याविषयी न बोललेलं बरं.

संत्र्यांच्या दुसऱ्या बहाराच्या वेळी माय आली. मी योगायोगानं तिथेच होतो. ती दारातच बसली, आत आली नाही. डोक्यावरची पिशवी खाली ठेवली. मनोहर गाडीत होता. "ये माय," म्हणाला, आणि स्टोव्हकडे वळला. पंप मारला, आधण ठेवलं, साखर टाकली, पत्ती टाकली. मायचे डोळे त्याच्या हातावर. मध्येच भांडं किंचित हललं तेव्हा ती अर्धी उठली, आणि परत बसली. त्यानं चहा गाळला, कप बशीत ठेवला, बशी मांडीवर घेतली आणि एका हातानं गाडी फिरवत दारापर्यंत गेला. थोडा चहा बशीत सांडला. कप तिच्या हातात दिला.

तिनं बशीतला सांडलेला आधी प्यायला, मग कपातला. सगळा संपवला. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "साखर कमी हाये."

"उद्या जास्त टाकतो," तो म्हणाला.

म्हणजे ती राहणार होती. संध्याकाळी सुखदेव आला तेव्हा ती त्याला सांगायला लागली, "याले वळवतानी डाव्या अंगानं वळवत जाय..." मनोहर म्हणाला, "ते मी सांगतो, माय." ती म्हणाली, "मंग सांग ना." आणि भिंतीला टेकून बसून राहिली. त्यानंतर ती वर्षातून दोन-तीनदा यायची. पाहुणी म्हणून यायची, पाहुणीसारखी तक्रार करायची आणि पाहुणीसारखीच जायची.

साठ सालानंतर माझी बदली अकोल्याला झाली. जठारपेठेत बिऱ्हाड केलं. मनोहर मला भेटायला एकदा तिथे आला, सुखदेवला घेऊन, बडनेऱ्याहून रेल्वेनं. गार्डच्या डब्यात गाडी चढवली होती. आमच्या शेजारी सुभद्राबाई म्हणून एक विधवा शिक्षिका होत्या. त्यांच्या अंगावरून वारं जाऊन एक बाजू लुळी पडली होती. तिघा मुलांत, आईला कोणी न्यायचं, याची बोलणी चालली होती, आणि ती बोलणी ऐकत सुभद्राबाई पलीकडच्या खोलीत पडून असत. मी मनोहरला त्यांच्याकडे घेऊन गेलो. मुलांनी त्याला आदरानं बसवून विचारलं, तुमचं कसं काय चालतं? तो म्हणाला, "माह्यं मी मंग सांगतो. आधी बाईंले भेटतो." आत जाऊन त्यानं त्यांना साधंच विचारलं, "बाई, इथंच राह्याचं असन तं तुमाले काय काय लागन?"

त्यांनी पदर तोंडाशी ओढला. तोंड वाकडं झाल्यामुळे त्यांना बोलायची लाज वाटे. मग म्हणाल्या, "पाणी भरायला कोणी. बाथरूमपर्यंत धरायला कोणी." आणि केसांवर हात फिरवून, "आणि वेणी घालायला. एका हातानं वेणी घालता येत नाही."

मुलं दारात उभी होती. वेणीचा विचार त्यांच्यापैकी कोणी केला नव्हता. माझ्या बायकोनंही केला नव्हता, आणि ती तर रोज त्यांच्याकडे जायची. त्या दिवसापासून वेणी तिनं घातली. बाकी दोन कामांना बायका मिळाल्या. सुभद्राबाई पुढे त्यांच्या घरातच राहिल्या. मनोहरला मी म्हणालो, तू मोठं काम केलंस. तो म्हणाला, "मी काय केलं? इचारलं. सगये आपसात इचारून राह्यले होते."

त्याला साधूबिधू समजू नये. तो चिडका होता. सुखदेव उशिरा आला की घालूनपाडून बोलायचा. करीमचाचांशी रेडिओवरून त्याचं कायमचं भांडण होतं. स्वतःच्या अंगाची त्याला कधी कधी इतकी किळस यायची की दोन दोन दिवस कोणाला खोलीत घेत नसे, सुखदेव सोडून. एकदा मला म्हणाला, "लोक म्हणतात तू एकटा राह्यतं, कमाल हाये. एकटा कुठं राह्यतो मी? चार माणसं लागते मले एकटं राह्याले."

डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की अशा रोग्यांची किडनी फार दिवस साथ देत नाही. त्यानं ते मला कधी सांगितलं नव्हतं. सहासष्ट सालच्या सुमारास त्याला वरचेवर ताप येऊ लागला, तोंडावर सूज दिसू लागली. दवाखान्यात ठेवलं. तिथे काही होण्यासारखं नाही असं कळल्यावर त्यानं घरी न्यायला सांगितलं. सुखदेवनं त्याला खोलीत आणलं, चाचांच्या गादीवर ठेवलं. मायला बोलावून घेतलं. मी अकोल्याहून पोचलो तेव्हा तो ओळखत होता, पण बोलत नव्हता. माय त्याला चमच्यानं पाणी पाजत होती. प्रत्येक चमच्याआधी ती थांबायची, आणि त्यानं डोळ्यांनी होकार दिला की मगच चमचा ओठाला लावायची.

तो गेला सकाळी, पिंजायची कमान सुरू व्हायच्या वेळी. चाचांनी दुकान उघडलं नाही.

दुपारपर्यंत किसन ट्रक घेऊन आला. सोबत गावची माणसं. तो रडत होता, आणि रडतच कामाला लागला होता. त्यानं मला सांगितलं की गावी सगळी तयारी झाली आहे, भावकी थांबली आहे, आता लवकर निघू, घरी नेऊ.

माय आत भिंतीला टेकून बसली होती. तिथूनच म्हणाली, "कोन्या घरी?"

किसनला कळलं नाही. "आपल्या घरी, माय. गावाले."

"त्याचं घर हे हाये," ती म्हणाली. "गावचं तुह्यं घर हाये, माह्यं हाये. त्याचं हे हाये. इथूनच निंगन तो."

किसन काही बोलायला लागला. गावचा एक म्हातारा माणूस म्हणाला, बाई, रीत असते. ती म्हणाली, "रीत माह्यावर सोडा."

ट्रक रिकामा परत गेला, भावकीला आणायला. ऑफिसातले सगळे आले, साहेबसुद्धा. आवारात त्रिशरण-पंचशील झालं. चाचांनी तिरडीवर अंथरायला स्वच्छ पिंजलेला कापूस आणून दिला. ऊन उतरल्यावर आम्ही त्याला बाहेर काढला. आम्ही आवारातून रस्त्यावर येत होतो तेव्हा माय खोलीच्या दारात उभी होती. तिथं उंबरा नव्हता, पण असावा तशी ती नेमकी त्या जागी उभी होती. आल्यागेल्याला तीच हात जोडत होती, पोराच्या घरी आलेल्या माणसांना जोडावेत तसे.